मसाफीच्या डोंगरात वाचलेली नावे

ज्या वर्षी रंजिताचे लग्न झाले, त्याच वर्षी माझा जन्म झाला. रंजिता ही सदानंद साळवे यांची एकुलती एक मुलगी. मे महिन्यात नेवासे तालुक्यातल्या त्यांच्या गावी चर्चच्या अंगणात मांडव पडला, लग्न लागले, आणि मांडवाचे बांबू ज्याचे त्याला परत करून सदानंद आखातात, अजमानला कामावर हजर झाले. ते साल दोन हजार अकरा. त्याच थंडीत त्यांनी मला केले.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टँड आहे. पुस्तक ठेवून उभ्याने वाचतात, तसला. माझ्यात शोभेचे काही नाही. वर एक फळी, खाली चार पाय, आणि पाय हलू नयेत म्हणून मारलेल्या दोन आडव्या पट्ट्या. माझी फळी प्लायवूडची आहे. स्टँड होण्याआधी ती स्लॅबखाली होती. अजमानमध्ये समुद्राच्या अंगाला एक इमारत उभी राहत होती. तिथे आम्हा फळ्यांना ओळीने मांडत, खालून टेकू देत आणि वरून काँक्रीट ओतत. काँक्रीट घट्ट होईपर्यंत आम्ही हलायचे नाही, एवढेच आमचे काम. सात मजले मी असे अंगावर घेतले. आठव्याच्या वेळी माझा एक कोपरा फुगला, आणि मला कचऱ्याच्या लोखंडी पेटीत फेकून दिले.

तिथून मला सदानंदांनी काढले. ते शटरिंगचे सुतार होते. काँक्रीट ओतायचे साचे बांधणे हा त्यांचा धंदा. फुगलेला कोपरा करवतीने उतरवून त्यांनी मला कामगारांच्या कॅम्पच्या अंगणात आणून टाकले. याचे कारण सूर्यकांत भालेराव.

सूर्यकांत त्याच कंपनीत स्टोअरकीपर होते. शारजा-अजमानकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींची दर वर्षी थंडीत एक गायनसभा होई, तिचे सगळे तेच बघत. बस ठरवणे, माणसे मोजणे, कोण पेटी आणणार, कोण भाकऱ्या आणणार. मनगटावर घड्याळ, आणि नजर घड्याळावर.

"सदानंद, पुढच्या शुक्रवारी डोंगरात जायचंय," ते म्हणाले. "पुस्तक हातात धरून धरून वाचणाऱ्यांचे हात भरून येतात. एक स्टँड करून टाक ना."

"करतो की. त्यात काय," सदानंद म्हणाले.

एका सुट्टीत त्यांनी मला पुरे केले. जुने खिळे ठोकून सरळ केले आणि तेच वापरले. पाय उभे आहेत का ते ओळंबा सोडून बघितले. मग फळीवर पाणसळ ठेवली. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधल्या रेघांत येईपर्यंत एकेक पाय घासत राहिले. शेवटी बुडबुडा मध्ये थांबला. सदानंदांनी माझ्यावर दोनदा थाप मारली. त्यांच्या मते माझ्यात एका सुताचाही फरक नव्हता, आणि ते खरेच होते.

मसाफीच्या पुढे डोंगरात एक शेत आहे. तिथे खजुराची झाडे, दगडी बांध आणि मध्ये एक मोठी शेड. सभोवती उघडे, तांबूस-करडे डोंगर. त्यांच्यावर गवताची काडी नाही, पण शेळ्या मात्र कुठे कुठे चढून बसलेल्या असतात. शेताचा मालक ओळखीचा होता; वर्षातून एक दिवस तो जागा देई. अजमानहून एक बस निघे. तिला शारजात रोल्ला भागात अर्धी माणसे मिळत. अबू धाबीकडून मोहम्मद बिन झायद सिटीतली दोन-तीन कुटुंबे आपापल्या गाड्यांनी येत. नऊ वाजता सतरंज्या पडत. पेटी उघडे, ढोलकी लागे, आणि दुपारपर्यंत गाणे चाले.

पहिल्या दिवशी मला शेडच्या पुढे उभे केले. सूर्यकांत गीतांचे पुस्तक घेऊन आले, ते माझ्यावर ठेवले, वाचायला लागले आणि थांबले. पुस्तक फळीवर आडवे पडले होते. अक्षर दिसावे म्हणून त्यांना मान पार खाली घालावी लागत होती. तेवढ्यात वारा आला आणि पाने फडफडून दुसरेच गीत वर आले.

"अरे सदानंद," ते म्हणाले, "हे पुस्तक ठेवायला केलंयस की कणीक मळायला?"

मंडळी हसली. सदानंद उठून उभे राहिले. "पाणसळीत आहे. पाहिजे तर तपासून बघा."

"पाणसळीत आहे म्हणूनच तर म्हणतोय, बाबा. पुस्तकाला उतार लागतो."

सदानंदांना ते कळले नाही. सुताराला फळी सपाटच लागते. उतार म्हणजे चूक. ते पुटपुटत खाली बसले. ढोलकीवर बसलेले गणू सावंत उठले, दोन चपटे धोंडे आणले, एक पुस्तकाच्या पाठीखाली सरकवला आणि दुसरा पानावर ठेवला. "वाचा आता," ते म्हणाले. पुढे कितीतरी वर्षे ते दोन धोंडे माझ्याबरोबर होते.

गणू हे सदानंदांच्याच खोलीतले. देवगडकडचे. ख्रिस्ती नव्हेत, गणपतीत भजने वाजवणारे. पण सभेत त्यांच्याइतकी ढोलकी कोणाच्याच हातात नव्हती. कोणी विचारले तर म्हणत, "देव तुमचा का आमचा, ठेका तोच ना रे? मग बस."

आता त्या गाण्याविषयी सांगतो, कारण माझ्या आयुष्यात सुखाचे म्हणून जे आहे ते तेवढेच. समोरचा डोंगर आवाज परत देई. पहिल्या वर्षी त्याने फार गोंधळ केला. इकडे दुसरी ओळ सुरू व्हायची आणि तिकडून पहिली परत यायची. मग कोणीतरी म्हणाले, ओळ संपली की थांबू या. डोंगराचे होऊ द्यावे आणि मग पुढे जावे. तेव्हापासून तिथे तसेच गातात. जी गाणी गावाकडे भरभर म्हटली जातात, ती तिथे सावकाश होतात. ओळ म्हणायची, गप्प बसायचे, डोंगराची ओळ ऐकायची. गणूंचा हात त्या वेळी ढोलकीवर नुसता टेकलेला असे. नवीन आलेले माणूस नेहमी घाईने पुढे जाई, आणि सगळे मिळून त्याच्याकडे बघत.

सगळ्यांत लांबून आवाज परत येई तो सदानंदांचा. त्यांचा आवाज भारी होता आणि त्यांना पुस्तक लागत नसे. दोनशेच्या वर गीते त्यांना तोंडपाठ होती, सगळ्या कडव्यांसकट. त्यामुळे कोणाला काही शंका आली नाही. वाचनाची पाळी आली की मात्र ते खिसे चाचपत. "चष्मा विसरलो बघा."

"दर वर्षी चष्मा विसरतोस," सूर्यकांत म्हणत. "जेवायला बरा विसरत नाहीस."

मित्रांनो, सदानंदांना वाचता येत नव्हते. हे मला ठाऊक होते आणि गणूंना ठाऊक होते. ज्याने उभ्याने पुस्तक वाचले आहे, तो माझी फळी सपाट करणार नाही, एवढी साधी ती गोष्ट होती.

सभेची एक रीत होती. शेवटच्या गीताआधी, जेवणाच्या थोडे अलीकडे, नावे वाचली जात. इकडे काम करणाऱ्या माणसाचे कोणी गावाकडे वारते तेव्हा त्याला पोहोचता येतेच असे नाही. म्हणून वर्षभरात ज्याचे माणूस गेले असेल त्याने चिठ्ठीवर नाव, गाव आणि तारीख लिहायची आणि खजुराच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा माझ्यावर येई. ज्याची पाळी असेल तो एकेक चिठ्ठी काढून वाची. प्रत्येक नावानंतर सगळे गप्प राहत. बस, एवढेच. पण त्या एवढ्यासाठी माणसे रजा काढून येत.

या रीतीला दोन नियम होते. पहिला असा, की नाव त्याच वर्षातले पाहिजे. नाहीतर यादीला अंत राहणार नाही. दुसरा नियम एका चुकीतून आला. माझ्या दुसऱ्या वर्षी सूर्यकांतांनी फोनवर विचारून विचारून सगळ्यांच्या चिठ्ठ्या स्वतःच लिहिल्या होत्या. घाईत, सभेला येऊ न शकलेल्या राहुरीच्या एका कुटुंबातल्या वारलेल्या धाकट्या भावाऐवजी त्यांनी थोरल्याचे नाव लिहिले. ते मोठ्याने वाचले गेले. बायकांनी डोळ्याला पदर लावले, एक गीतही झाले. आणि जेवताना त्या थोरल्या भावाचाच फोन आला, पेटी कशी वाजली म्हणून विचारायला. सूर्यकांतांच्या ताटातला रस्सा तसाच राहिला. त्या दिवसापासून त्यांनी ठरवले: ज्याचे माणूस त्याचेच अक्षर. दुसऱ्याने लिहिलेली चिठ्ठी डब्यात पडणार नाही.

दोन हजार सोळाच्या ऑगस्टमध्ये सदानंदांची बायको गिरिजा वारली. ताप डोक्यात गेला, चार दिवसांत संपले. सदानंदांचा पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या नूतनीकरणासाठी गेलेला होता. तो हातात यायला नऊ दिवस लागले. गावात तर ती गेली त्याच दिवशी संध्याकाळी माती दिली होती. मी तेव्हा कॅम्पमध्ये त्यांच्या खाटेमागे भिंतीला टेकून असे. त्या आठवड्यात मी पाहिले ते एवढेच की ते कामावर गेले आणि आले, गेले आणि आले.

त्या डिसेंबरात सभेच्या आदल्या दिवशी गणू कागद-पेन घेऊन खाटेवर बसले.

"सदा, सांग. मी लिहितो. माझं अक्षर काय कुणी ओळखत नाही."

"नको."

"अरे, सूर्यकांत काय हस्ताक्षरतज्ज्ञ आहे काय?"

"खोटं अक्षर घालून तिचं नाव नाही वाचायचं," सदानंद म्हणाले. "नियम आहे तो आहे."

"मग त्याला खरं सांग. येत नाही म्हणावं लिहायला."

सदानंदांनी उठून खोलीतला दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी डबा माझ्यावर आला. अकरा नावे वाचली गेली. गिरिजाचे नव्हते. सगळ्यांना वाटले, सदानंद दुःखात आहेत, त्यांना नको असेल. कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी नियमाप्रमाणे ते नाव जुने झाले.

त्यानंतरच्या तीन सभांत ते गायले. आवाज तसाच होता. नावांच्या वेळी मात्र उठून ते पाण्याच्या टाकीकडे जात आणि शेवटच्या गीताला परत येत.

मग कोरोनाच्या साथीची दोन वर्षे सभा झाली नाही. कॅम्पच्या खोल्या बदलल्या, खाटेमागे जागा उरली नाही, आणि मी रोल्लाला अनुपमाताईंच्या घरी आलो. ताई पुण्याच्या. दुबईत एका ऑफिसात हिशेब बघत. त्यांचे यजमान नीलेश सभेत पेटी वाजवत, म्हणून पेटी आणि मी एकाच कोपऱ्यात राहिलो. त्यांची मुलगी शुभ्रा तेव्हा नऊ वर्षांची. ती मराठीत ऐके आणि इंग्रजीत उत्तर देई.

इथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारची रविवारवर गेली, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. फेब्रुवारीत एका रविवारी उपासनेनंतर सदानंद ताईंच्या घरी आले. खुर्चीवर अर्धेच बसले.

"ताई, ह्या डिसेंबरनंतर मी खलास. कंपनीने सांगितलंय, साठ झाली, आता जा घरी. ही शेवटची सभा."

"अहो काका, एवढ्यात?"

"मला लिहायला शिकवाल का?"

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. सदानंदांनी मग सगळे सांगितले, भिंतीकडे बघत, एखाद्या कामाचा तपशील सांगावा तसे. चष्मा नव्हताच कधी. गावात शाळा होती, पण ते गुरांमागे होते. गिरिजाला येत होते. पत्रे तीच वाची. तिचे नाव एकदा डोंगरात वाचले जावे, आणि ते आपल्या हाताने लिहिलेले असावे, एवढेच त्यांना पाहिजे होते.

"पण नियम त्याच वर्षाच्या नावांचा आहे ना?" ताई म्हणाल्या.

"ते सूर्यकांतशी माझं मी बघतो. आधी लिहिता तर येऊ द्या."

दर रविवारी दुपारी शिकवणी सुरू झाली. सदानंदांना खुर्चीत बसून शिकता येत नसे. ते म्हणत, उभा राहिलो की डोकं चालतं. म्हणून मला खोलीच्या मध्ये आणले. ताईंनी विचार केला, ओळखीचे असेल ते लवकर येईल; आणि माझ्यावर गीतांचे पुस्तक उघडून ठेवले. अक्षरे दाखवली, काना-मात्रा दाखवल्या. पाच आठवड्यांत सदानंद बोट ठेवून अख्खे गीत वाचू लागले. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी नीलेशना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले. "ऐक, ऐक! पाच आठवडे फक्त!"

सदानंदांनी पुन्हा वाचले. शुभ्रा माझ्याजवळ येऊन पुस्तकात डोकावली.

"आई, ही इज नॉट रीडिंग."

"शुभ्रा!"

"बट इट्स द राँग पेज, आई. लुक. हे वेगळं साँग आहे."

 पान खरेच उलटले गेले होते. सदानंदांचे बोट एका गीतावरून चालले होते आणि तोंडात दुसरे होते. त्यांनी फसवले नव्हते. त्यांना स्वतःलाच कळले नव्हते की आपण वाचतो आहोत की आठवतो आहोत. त्यांनी बोट उचलले आणि खिशात घातले.

"राहू द्या ताई. ह्या डोक्यात गाणी एवढी भरलीत, अक्षराला जागा नाही."

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

त्या रविवारी पुस्तक बंद झाले ते झालेच. आता जे कधी ऐकलेच नाही असे काही हवे होते. शारजात मराठी छापील कागद मिळणे सोपे नव्हते. पण ताईंच्या सासूबाई पुण्याहून लोणचे पाठवत, आणि बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून येत. तेलाचे डाग पडलेले ते कागद ताईंनी सरळ करून माझ्यावर ठेवायला सुरुवात केली. आता सदानंदांना पुढचा शब्द ठाऊक नसे. आधार घ्यायला चाल नव्हती. एकेका शब्दावर ते घामाघूम होत, आणि वाचलेला शब्द ताई मग वहीत लिहायला लावत. दोनदा रागाने निघून गेले आणि दोन्ही वेळा पुढच्या रविवारी वेळेवर आले. पोटफोड्या ष आणि शहामृगातला श यांच्यात भेद करणाऱ्याला त्यांनी एकदा मोठ्याने नावे ठेवली.

जुलैमधल्या एका दुपारी माझ्यावर एक फाटका तुकडा होता. सदानंद त्याच्यावर वाकले. बराच वेळ गेला.

"दोन... खोल्या... भाड्याने... देणे. पाण्याची... सोय... आहे." ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग ताईंकडे वळून म्हणाले, "दोन खोल्या भाड्याने आहेत. पाणी आहे म्हणतो."

"हो काका," ताई म्हणाल्या.

"कुठे आहेत?"

"ते फाटलंय."

सदानंद हसायला लागले. हसता हसता त्यांनी मानेवर हात नेला. "मान केवढी अवघडली!" मग त्यांनी माझ्याकडे बघितले. खाली वाकून, डोळा फळीच्या कडेला लावून बघितले, सुतार बघतात तसे. "ताई, हे सपाट आहे."

"हो."

"ह्याला उतार पाहिजे. वाचणाऱ्याकडे उतार पाहिजे! बारा वर्षं कुणी बोललं नाही?"

"पहिल्याच दिवशी बोलले होते म्हणे, काका. तुम्ही पाणसळ दाखवलीत."

पुढच्या रविवारी ते करवत घेऊन आले. माझे पुढचे दोन पाय चार बोटे कमी केले आणि पुस्तक सरकू नये म्हणून खालच्या कडेला एक पट्टी मारली. माझ्या आयुष्यात कौतुकाचे फार प्रसंग नाहीत. पण त्या दिवशी मी नीट झालो.

आता शेवटच्या सभेचे सांगायचे आहे. त्याआधी मी आज कुठे आहे ते सांगून टाकतो. ते शेवटी यावे असे मला वाटत नाही.

मी अजून रोल्लालाच आहे, गॅलरीत. सभेसाठी आता लोखंडी स्टँड घेतला आहे. तो घडी होतो आणि पिशवीत मावतो. माझ्यावर कांद्याची जाळी आणि कपड्यांचे चिमटे असतात. इथली दमट हवा लाकडाला बरी नव्हे. माझ्या फळीचे पापुद्रे सुटू लागले आहेत आणि एक पाय हलतो. कोणी मुद्दाम हाल केले असे नाही. ताई कधी फडके मारतात, कधी राहते. सदानंद गावी आहेत. ते ताईंना मेसेज पाठवतात, दोन-दोन शब्दांचे. 'पाऊस नाही.' 'रंजिता आली.' ताई ते गॅलरीत उभ्या राहून वाचतात, म्हणून मला कळते.

मित्रांनो, लाकडी वस्तूला कोरड्या जागी ठेवावे, वर्षातून एकदा तेलाचे बोट लावावे, खिळा सुटला तर तेव्हाच ठोकावा. एवढे केले तर ती माणसापेक्षा जास्त टिकते. आणि आणखी एक. दर वेळी चष्मा विसरणारे माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला हसू नका. बाजूला घेऊन एकदा विचारा. आम्हा वस्तूंना विचारता येत नाही.

तर, दोन हजार तेवीसचा डिसेंबर. रविवार होता. बसमधून मी मागच्या सीटवर आडवा गेलो. डोंगरात गार वारे होते. गाणे झाले, नेहमीसारखे, सावकाश. गणू त्या वर्षी जरा शांत होते. जूनमध्ये त्यांची आई गेली होती. साडेबाराला सूर्यकांत घड्याळ बघत उठले आणि डबा माझ्यावर ठेवला.

"यल्ला, चला, नावं. पाळी कोणाची?"

"माझी," सदानंद म्हणाले.

"तुझी? आणि चष्मा?"

"नाही लागत."

सूर्यकांतांनी काही बोलायला तोंड उघडले, पण सदानंद तोवर माझ्यापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी पहिली चिठ्ठी काढली, माझ्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या.  

"मार... मार्था... लक्ष्मण... गायकवाड. राहाता. तीन... फेब्रुवारी."

ते इतके हळू वाचत होते की मागच्या बाजूला कोणीतरी कुजबुजले. सूर्यकांतांनी मागे वळून बघितले आणि कुजबूज थांबली. दर वर्षी चष्मा का विसरला जाई, ते त्यांना आता समजले होते. तेवढ्यात समजले, आणि त्यांनी घड्याळावर दुसरा हात ठेवला.

सात चिठ्ठ्या झाल्या. आठव्या चिठ्ठीवर सदानंद अडले. पहिलेच अक्षर जोडाक्षर होते. "द... दर..." ते पुन्हा मागे आले. अनुपमाताई पुढे झुकल्या आणि ओठ मिटून बसून राहिल्या. ती चिठ्ठी गणूंची होती. गणू हाताच्या अंतरावर होते. एक शब्द पुटपुटले असते तरी काम झाले असते. ते ढोलकीकडे बघत राहिले.

"द्रौ," सदानंद म्हणाले. "द्रौपदी. द्रौपदी गोपाळ सावंत. देवगड. बावीस जून."

गणूंनी मान हलवली.

दहा चिठ्ठ्या वाचून झाल्या. डबा रिकामा झाला. सूर्यकांत शेवटचे गीत सांगायला उठले, तेव्हा सदानंदांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली आणि माझ्यावर उलगडली. वहीचे पान होते. अक्षरे मोठी होती, ओळीच्या वर-खाली गेलेली. एक शब्द खोडून पुन्हा लिहिलेला होता.

सूर्यकांत जवळ आले. त्यांनी कागद बघितला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "सदानंद, नियम ह्या वर्षीच्या नावांचा आहे रे. वहिनींना जाऊन सात वर्षं झाली. एकाला केलं की सगळे..."

"माहीत आहे," सदानंद म्हणाले. "पण मला लिहिता ह्या वर्षी आलं."

 सूर्यकांतांनी कागदावर बोट टेकवले, खोडलेल्या शब्दापाशी. "हे तुझंच अक्षर?"

"माझंच."

"मग वाच," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी, सतरंजीवर नव्हे, खाली मातीतच बसले.

सदानंदांनी कागद पट्टीला नीट टेकवला. हे नाव त्यांना पाठ होते, तरी त्यांनी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवले.

गिरिजा सदानंद साळवे. मुक्काम पोस्ट घोडेगाव, तालुका नेवासे. एकोणीस ऑगस्ट दोन हजार सोळा रोजी वारली.